लाल सिग्नल ओलांडला गेला: दोन ओळींची कबुली द्यावी, की कारणे लिहावीत?

धरमपेठची शिक्षिका

नमस्कार. मी नागपुरात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. रेल्वेशी माझा संबंध एवढाच, की माझा भाचा मालगाडीवर सहायक लोको पायलट आहे. कोणत्या विभागात, ते मुद्दाम लिहीत नाही. मागच्या महिन्यात पहाटे चारच्या सुमारास त्यांची गाडी एका स्थानकाच्या होम सिग्नलपुढे, म्हणजे स्थानकात शिरण्याआधी लागणाऱ्या सिग्नलपुढे, इंजिनाची पूर्ण लांबी जाऊन थांबली. सिग्नल लाल होता. पुढची लाइन मोकळी होती, कोणाला खरचटलेसुद्धा नाही आणि रुळांचेही काही बिघडले नाही. परंतु लाल सिग्नल ओलांडला गेला ही वस्तुस्थिती आहे आणि भाचा ती नाकारत नाही. तो आणि त्याचे लोको पायलट दोघेही सध्या निलंबित असून विभागीय चौकशीत त्यांना लेखी जबाब द्यायचा आहे.

त्याचे म्हणणे असे, की तो सिग्नल वळणावर आहे आणि तारांच्या खांबांआडून फार उशिरा दिसतो. ही गोष्ट लॉबीत, म्हणजे चालक ड्यूटीची नोंद करतात त्या कार्यालयात, येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, फक्त ती कोणी लिहून दिलेली नाही. शिवाय ती त्यांची सलग चौथी रात्रपाळी होती. घरातील वडीलधारी मंडळी आणि त्याचे काही ज्येष्ठ सहकारी मात्र सांगतात, की ‘दोन ओळींत चूक कबूल कर, माफी माग, कारणे लिहिलीस तर बहाणे समजतील आणि शिक्षा वाढेल.’

दुसरीकडे मी वाचते, की विमान अपघाताच्या तपासाचा हेतू दोष ठरवणे हा नसतोच, पुढचा अपघात टाळणे हा असतो. अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर हे पुष्कळदा कानावर आले. मला मनापासून विचारायचे आहे, की हे प्रत्यक्षात शक्य असते का? आणि असेल, तर रेल्वे व जहाजांच्या बाबतीत तसे का होत नाही? भाच्याने काय लिहावे हा माझा तातडीचा प्रश्न आहे. पण त्यामागचा मोठा प्रश्नही मला समजून घ्यायचा आहे.

अजनी सिग्नल, निवृत्त

ताई, सिग्नल आणि दूरसंचार विभागात माझी सारी नोकरी गेली. दोन ओळींची कबुली देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती भाच्याला सोयीची वाटेल, चौकशी करणाऱ्यांना त्याहून सोयीची वाटेल, आणि त्या वळणावर पुढच्या रात्री गाडी घेऊन येणाऱ्या माणसाला मात्र तिचा काडीचाही उपयोग होणार नाही.

आधी चौकशी कोणती, ते पाहू. प्रवासी गाडीला अपघात होऊन मृत्यू, गंभीर इजा किंवा रेल्वेच्या मालमत्तेचे मोठे नुकसान झाले, तर रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत, आणि ही व्यवस्था १९४१ पासूनची आहे. जो गाड्या चालवतो त्यानेच आपल्या अपघाताचा निवाडा करू नये, हे तत्त्व आपल्याकडे इतक्या लवकर मान्य झाले होते, याचा मला आजही अभिमान वाटतो. तुमच्या भाच्याचे प्रकरण मात्र मालगाडीचे आणि विनानुकसानीचे असल्याने ते विभागातल्या विभागातच राहणार. तेथे सिग्नलवाले, इंजिनवाले, रूळवाले आणि परिचालनवाले अशा सर्व शाखांचे पर्यवेक्षक एकत्र बसून ‘जॉइंट नोट’ लिहितात. मी अशा कित्येक टिपणांवर सह्या केल्या आहेत. खोलीत शिरताना प्रत्येकाच्या मनात ‘हे माझ्या शाखेवर येऊ नये’ हाच विचार असतो, आणि ज्याने स्वतःच चूक कबूल केली आहे तो समोर बसलेला असला, की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मी सही केलेल्या अशा काही टिपणांचे मला आज वाईट वाटते.

आता दोन अलीकडच्या अपघातांकडे पाहा. १७ जून २०२४ रोजी उत्तर बंगालमध्ये रंगापाणीजवळ उभ्या कांचनजंगा एक्सप्रेसला मागून मालगाडीने धडक दिली. काही तासांतच जाहीर झाले, की मालगाडीच्या लोको पायलटने सिग्नल जुमानला नाही. तो त्या धडकेतच मरण पावला होता, त्यामुळे प्रतिवाद करायला कोणी नव्हते. पुढे मुख्य रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा प्राथमिक अहवाल आला तेव्हा चित्र पालटले. पहाटेपासून त्या टापूतील स्वयंचलित सिग्नल बंद पडले होते आणि लाल सिग्नल ओलांडून जाण्याचा लेखी परवाना चालकांना दिला जात होता. त्या परवान्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली नव्हती. त्या सकाळी त्याच परवान्यावर गेलेल्या गाड्यांचे वेग तपासले, तेव्हा प्रत्येक सिग्नलपाशी थांबून पुढे ताशी १५ किलोमीटरने जाण्याचा नियम एकट्या कांचनजंगा एक्सप्रेसने पाळला होता, इतरांनी पाळला नव्हता. म्हणजे गैरसमज एका माणसाचा नव्हता, तो सर्वांना मिळालेल्या अपुऱ्या शिकवणीचा होता. हा अपघात घडण्याची वाटच पाहत होता, अशा आशयाचे शब्द अहवालात आहेत. त्या चालकाच्या घरच्यांनी पहिल्या दिवसाच्या बातम्या वाचल्या असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

दुसरा बालासोरचा. २ जून २०२३ रोजी बहनगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्सप्रेस लूप लाइनवर, म्हणजे मुख्य लाइनीच्या बाजूच्या लाइनीवर, वळून उभ्या मालगाडीवर आदळली आणि तीनशेच्या आसपास माणसे गेली. सिग्नल मुख्य लाइनीचा हिरवा, पण पॉइंट (गाडी एका लाइनीवरून दुसरीवर वळवणारा रुळांचा सांधा) लूपचा: आमच्या शाखेत यापेक्षा भयंकर काही नाही. कारण निघाले ते सर्किटमध्ये पूर्वी केलेल्या बदलातील त्रुटी आणि फाटकाच्या कामाच्या वेळी झालेली चुकीची जोडणी. परंतु मला सर्वांत अधिक अस्वस्थ करणारा भाग वेगळा आहे. १६ मे २०२२ रोजी, म्हणजे वर्षभर आधी, त्याच खरगपूर विभागात बांकडानयाबाज येथे चुकीच्या जोडणीमुळे असाच प्रकार घडला होता. तेव्हा कोणी मेले नाही. त्या घटनेनंतर जोडण्यांची नीट दुरुस्ती झाली असती तर बहनगा बाजारचा अपघात घडला नसता, असे आयुक्तांनी स्पष्ट लिहिले आहे. तुमच्या भाच्याची घटना ही अशीच, कोणी न मेलेली घटना आहे. तिची किंमत तेवढ्यासाठीच आहे.

आता एक प्रश्न मला भाच्याला विचारायचा आहे आणि चौकशी अधिकारीही तोच विचारतील. होम सिग्नल कधीच अचानक समोर येत नाही; त्याच्या आधी, बऱ्याच अंतरावर, त्याची पूर्वसूचना देणारा डिस्टंट सिग्नल असतो. तो काय दाखवत होता? पिवळा असेल, तर ‘पुढचा सिग्नल लाल असू शकतो, थांबायची तयारी ठेवा’ हे दोघांनाही आधीच कळले होते. मग वळणामुळे होम उशिरा दिसला, एवढे कारण अपुरे पडते. त्याने हे टाळून लिहिले, तर बाकीचे खरे असलेलेही कोणी मानणार नाही.

मिहान, विमान देखभाल

मी विमान देखभाल अभियंता आहे. ‘दोष न ठरवता तपास शक्य असतो का?’ याचे उत्तर हो असे आहे, परंतु ते कोणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेले नाही, तर त्यासाठी नियम केलेले आहेत.

१९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली आणि त्या कराराचे तेरावे परिशिष्ट केवळ अपघात तपासाविषयी आहे. तपासाचा एकमेव उद्देश अपघात टाळणे हा असून दोष किंवा दायित्व वाटून देणे हा नाही, असे त्यात शब्दशः मांडलेले आहे. ज्या देशात अपघात झाला तो तपास करतो, पण विमान जिथे घडले आणि ज्याच्याकडे नोंदले गेले त्या देशांनाही प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क असतो. म्हणजे एकाच संस्थेला स्वतःपुरते सत्य लिहून मोकळे होता येत नाही. प्राथमिक अहवाल तीस दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो बारा महिन्यांत द्यायचा असतो. आपल्याकडे पूर्वी हे काम नियामक संस्थेचे अधिकारी किंवा सरकारने नेमलेली चौकशी न्यायालये करीत. मे २०१० मध्ये मंगळूरला विमान धावपट्टीपलीकडे दरीत कोसळून १५८ जण मृत्युमुखी पडले, त्यानंतर स्वतंत्र तपास यंत्रणेची मागणी जोर धरू लागली आणि २०१२ मध्ये विमान अपघात तपास ब्युरो स्थापन झाला.

अहमदाबादविषयी मी एवढेच म्हणेन. प्राथमिक अहवालात रेकॉर्डरनी काय नोंदले ते आहे: उड्डाणानंतर काही क्षणांतच दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले, आणि एका वैमानिकाने दुसऱ्याला ‘बंद का केलेस’ असे विचारल्यावर दुसऱ्याने ‘मी केले नाही’ असे उत्तर दिले. त्यात ‘काय’ आहे, ‘का’ नाही. लोकांनी दुसऱ्याच दिवशी ‘कोण’ ठरवून टाकले. तपास पूर्ण होण्याआधी अशी नावे घेतली जातात, तेव्हा जिवंत असलेले हजारो वैमानिक आणि आम्ही तंत्रज्ञ त्यावरून एक धडा घेतो, आणि तो मौनाचा असतो.

हे मौन किती महाग पडते, याचे माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे येणारे प्रवासी विमान डोंगरावर आदळून ९२ जण गेले. नियंत्रकाच्या परवानगीचा अर्थ लावताना वैमानिकांचा गोंधळ झाला आणि ते वेळेआधीच खाली उतरले. तपासात कळले, की अवघ्या सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीच्या वैमानिकांचा त्याच ठिकाणी तसाच गोंधळ होऊन ते थोडक्यात वाचले होते. त्यांनी आपल्या कंपनीत सांगितले, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले, आणि माहिती तिथेच थांबली. या धड्यातून १९७६ मध्ये अशा घटना कळवण्याची एक राष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली. ती नियामकाकडे न ठेवता जाणीवपूर्वक नासाकडे सोपवली गेली, जेणेकरून कळवणाऱ्याचे नाव शिक्षा करणाऱ्याच्या हाती जाऊ नये. हेतुपुरस्सर नसलेली चूक दहा दिवसांत स्वतः कळवली, तर सामान्यतः दंडातून सूटही मिळते.

आपल्या नागपूरचेच एक सांगतो. ६ मे २०२१ रोजी येथून रुग्णाला घेऊन निघालेल्या एका छोट्या हवाई रुग्णवाहिकेचे चाक उड्डाणाच्या वेळी निखळून पडले. विमान मुंबईला नेऊन, धावपट्टीवर फेस पसरून पोटावर उतरवण्यात आले आणि आतील पाचही जण सुखरूप राहिले. त्या दिवशी आम्ही सर्वांनी वैमानिकांचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. पण आमच्यासारख्यांना त्या रात्री झोप लागली नाही ती वेगळ्या कारणाने: चाक आपोआप निखळत नाही, ते बसवणारे, तपासणारे आणि सही करणारे हात असतात. त्या हातांनी खरे सांगितले तरच पुढच्या विमानाचे चाक जागेवर राहते. सही करताना मी नेहमी हे स्मरतो.

रेल्वेत असे का होत नाही, हा प्रश्न मात्र मी अजनीच्या काकांवर सोडतो.

सिव्हिल लाइन्स, वकील

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, पण एका बाबतीत मला मतभेद नोंदवायचा आहे. ‘दोष ठरवायचा नाही’ हे वाक्य सुरक्षा तपासापुरते खरे आहे. ते ‘कोणीच उत्तरदायी नाही’ असे वाचले जाऊ नये. ज्यांचे माणूस गेले त्यांना नुकसानभरपाई हवी असते आणि कोणाच्या निष्काळजीपणाने गेले हेही जाणून घ्यायचे असते. तो त्यांचा अधिकार आहे. म्हणून पोलीस, न्यायालये आणि दावा न्यायाधिकरणे आपले काम करणारच. प्रश्न एवढाच आहे, की एका चौकशीत दिलेली माहिती दुसरीकडे कशी वापरली जाते.

रेल्वे अधिनियम, १९८९ मधील कलम ११७ फार थोड्यांना माहीत आहे. सुरक्षा आयुक्तांपुढील चौकशीत साक्ष देताना केलेले निवेदन, खोटी साक्ष दिल्याचा खटला वगळता, त्या व्यक्तीविरुद्ध कोणत्याही दिवाणी वा फौजदारी कार्यवाहीत वापरता येत नाही, असे संरक्षण ते कलम देते. अट अशी, की ते आयुक्तांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असावे किंवा चौकशीच्या विषयाशी संबंधित असावे. म्हणजे विमान वाहतुकीत ज्या तत्त्वाचा गौरव होतो, ते तत्त्व आपल्या रेल्वे कायद्यात आहे. मात्र त्याचे शब्द नीट वाचा: ‘दिवाणी वा फौजदारी’. विभागीय शिस्तभंगाची कारवाई त्यात नाही, आणि विभागानेच केलेल्या चौकशीतील जबाबालाही हे कवच नाही. तुमच्या भाच्याची भीती नेमकी याच फटीतून जन्माला आलेली आहे, आणि ती निराधार नाही. थोडक्यात वाचलेल्या घटनेची माहिती देणाऱ्याला संरक्षण सर्वांत कमी आहे, हे मला या कायद्याचे मोठे उणेपण वाटते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने २०१२ मध्ये स्वतंत्र वैधानिक रेल्वे सुरक्षा प्राधिकरणाची शिफारस केली होती. तसे प्राधिकरण झाले असते, तर अशा घटना कळवण्याची जागा तरी विभागाबाहेर मिळाली असती.

आता व्यवहाराचे. जबाब सविस्तर द्यावा, परंतु त्यात मत आणि वस्तुस्थिती वेगळी ठेवावी. ‘सिग्नल दिसत नाही’ हे मत झाले. ‘अमुक खांबापासून पुढे दिसतो’ ही वस्तुस्थिती. इंजिनाच्या वेगनोंदीची, स्थानकाच्या डेटा लॉगरची (सिग्नलची स्थिती वेळेसह नोंदवणाऱ्या यंत्राची) आणि आपल्या मागील पंधरा दिवसांच्या ड्यूटीची नोंद चौकशीच्या कागदपत्रांत घेतली जावी, अशी लेखी मागणी करावी. जबाबाची पोच घ्यावी. पुढे आरोपपत्र मिळाले, तर १९६८ च्या रेल्वे शिस्त व अपील नियमांनुसार त्याला बचावासाठी साहाय्यक घेता येतो. कामगार संघटनेतील जाणत्या माणसाला आताच भेटून ठेवावे. आणि चूक नाकारू नये. तो ती नाकारत नाही असे तुम्ही लिहिले आहे, हीच त्याची सर्वांत भक्कम बाजू आहे.

प्रतापनगरचा दर्यावर्दी

मी व्यापारी जहाजांवर अधिकारी आहे, सध्या सुट्टीवर नागपुरात. समुद्राविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही प्रवासी व मोटारी नेणारी नौका पुढचा दरवाजा उघडा असतानाच निघाली, काही मिनिटांत पाणी आत शिरून कलंडली आणि १९३ माणसे गेली. दरवाजा बंद करण्याचे काम ज्याचे होते तो सहायक आपल्या खोलीत झोपलेला होता. दोन ओळींची कबुली तिथेही पुरली असती: ‘मी झोपलो होतो.’ परंतु चौकशी तिथे थांबली नाही. कप्तानाच्या जागेवरून तो दरवाजा दिसतच नव्हता. दरवाजा बंद आहे की उघडा हे दाखवणारा दिवा वर बसवावा, अशी मागणी कंपनीच्या कप्तानांनी पूर्वीच केली होती आणि किनाऱ्यावरच्या कार्यालयाने ती धुडकावली होती. न्यायमूर्ती शीन यांनी ढिसाळपणाचा रोग कंपनीत वरपासून खालपर्यंत पसरल्याचे नोंदवले.

त्यानंतर जे झाले त्याचा फायदा मला रोज मिळतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची संहिता केली आणि १९९८ पासून ती टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली. तिच्यानुसार प्रत्येक कंपनीने किनाऱ्यावर एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते, जिला थेट सर्वोच्च व्यवस्थापनाशी बोलण्याचा अधिकार असतो. त्या व्यक्तीचे नाव आणि क्रमांक आमच्या जहाजावर भिंतीला लावलेला असतो, आणि साधा खलाशीसुद्धा तिला फोन करू शकतो. मी एकदा केला आहे, एका नादुरुस्त शिडीसाठी. नवी शिडी पुढच्याच बंदरात आली. अपघातांच्या तपासासाठीची आंतरराष्ट्रीय संहिताही २०१० पासून लागू आहे आणि तिचाही गाभा तोच आहे: सुरक्षेचा तपास दोषनिश्चितीपासून वेगळा ठेवावा.

पण हे सारे मोठ्या जहाजांसाठी. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुडजवळ झुंज येथे वर्धा नदीत होडी उलटून दशक्रियेसाठी आलेले अकरा जण बुडाले, तेव्हा मी घरीच होतो. होडीत किती माणसे बसावीत, हे त्या घाटावर ठरवून देणारे कोण होते, हा प्रश्न मी अनेकांना विचारला. मला मिळालेली सगळी उत्तरे नावाड्याविषयी होती.

वर्धा रोड, नित्य प्रवासी

रस्त्यांची अवस्था याहून बिकट आहे, एवढेच जोडतो. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी गेले. रस्ते अपघातासाठी विमानासारखा किंवा रेल्वेसारखा स्वतंत्र तपास करणारे कायमस्वरूपी मंडळ आपल्याकडे नाही. गुन्हा नोंदवणारे पोलीसच बहुधा पहिले आणि शेवटचे तपास अधिकारी असतात. अमेरिकेत १९६७ पासून एकच राष्ट्रीय मंडळ विमान, रेल्वे, जहाज, महामार्ग आणि नळवाहिन्या या सर्वांचे मोठे अपघात पाहते. नागपुरात मात्र एक चांगले पाऊल पडले आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पात महापालिकेच्या बसगाड्यांवर उपकरणे बसवून, जिथे अपघात झालेले नाहीत पण वारंवार थोडक्यात टळतात अशी ठिकाणे शोधण्यात आली. त्यांना ‘ग्रे स्पॉट’ म्हणतात. ताईंच्या भाच्याचा सिग्नल हा रुळांवरचा ग्रे स्पॉट आहे असे मला वाटले.

धरमपेठची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. अजनीच्या काकांचा डिस्टंट सिग्नलचा प्रश्न मी भाच्याला रविवारी घरी बोलावून विचारला. तो बराच वेळ गप्प राहिला, आणि मग जे सांगितले ते त्याने आतापर्यंत घरात कोणालाच सांगितले नव्हते.

डिस्टंट पिवळा होता. दोघांनीही तो पाहिला, मोठ्याने उच्चारला आणि वेग कमी करायला सुरुवात केली. तो तीन लाइनींचा टापू आहे. वळणाला लागताच त्यांना जो सिग्नल पहिल्यांदा दिसला तो शेजारच्या लाइनीचा होता आणि तो पिवळा होता. त्या क्षणी दोघांनाही तो आपलाच वाटला, ब्रेक सैल झाला, आणि खांबांआडून आपला लाल सिग्नल पुढे आला तेव्हा पुरेसे अंतर उरले नव्हते. ‘दुसऱ्याचा सिग्नल आपला समजलो, हे कसे लिहू, आत्या? लोक हसतील,’ असे तो म्हणाला. मी गणित मांडून पाहिले. त्यांचा वेग तेव्हा ताशी ३० किलोमीटर होता, म्हणजे सेकंदाला साधारण ८.३ मीटर. भरलेल्या मालगाडीचे मंदन, म्हणजे ब्रेक लावल्यावर वेग कमी होण्याचा दर, सेकंदामागे सेकंदाला पाव मीटर धरले, तर थांबायला १३९ मीटर लागतात. ब्रेक लावण्याआधीच्या दोन सेकंदांचे १७ मीटर मिळवले की १५६ होतात. भाच्याच्या अंदाजाने त्यांना आपला सिग्नल १३० मीटरवर दिसला. उरले २६ मीटर, म्हणजे इंजिनाची लांबी आणि थोडे अधिक. गाडी नेमकी तिथेच थांबली होती.

हे सारे लिहिले तर त्याची बाजू अधिक कमकुवत होईल का, ही शंका मला अजून आहे.

अजनी सिग्नल, निवृत्त

ताई, कमकुवत होणार नाही. आता कुठे ती उभी राहिली. दुसऱ्या लाइनीचा सिग्नल आपला समजणे ही आमच्या क्षेत्रात जुनी आणि जगभर ओळखलेली चूक आहे, आणि सिग्नल उभारताना ती होऊ नये अशी मांडणी करणे हे आमच्या शाखेचे काम आहे. लंडनजवळ लॅडब्रोक ग्रोव्ह येथे ऑक्टोबर १९९९ मध्ये दोन गाड्या समोरासमोर आदळून ३१ जण गेले. तिथला एसएन १०९ क्रमांकाचा सिग्नल तारांच्या सांगाड्यामुळे नीट दिसत नव्हता, आणि आधीच्या सहा वर्षांत तो आठ वेळा लाल असताना ओलांडला गेला होता. आठ वेळा चालकांची चौकशी झाली, सिग्नल जागेवरच राहिला. त्या अपघाताच्या चौकशीतून ब्रिटनमध्ये रेल्वेसाठी स्वतंत्र तपास शाखा निघाली आणि २००५ मध्ये तिचे काम सुरू झाले.

रेल्वेत असे का होत नाही, हा तुमचा प्रश्न मिहानच्या बंधूंनी माझ्यावर सोडला आहे. माझे उत्तर असे, की लाल सिग्नल ओलांडणे हा आमच्याकडे इतका मोठा गुन्हा मानला जातो, की त्याची कारणे विचारणे हेच नरमाईचे लक्षण समजले जाते. शिक्षा कडक ठेवली की चूक थांबेल, असे आम्ही मानत आलो. माझ्या नोकरीत शिक्षा झालेले चालक मी पुष्कळ पाहिले, पण त्या शिक्षेनंतर जागा बदललेला सिग्नल मला एकच आठवतो. या अनुभवातून मी बोलतो आहे, म्हणून आग्रहाने लिहितो.

भाच्याने जबाबात पहिले वाक्य हेच लिहावे, की डिस्टंट पिवळा पाहिला, उच्चारला आणि त्यानंतर शेजारच्या लाइनीचा सिग्नल आपला समजलो. त्याखाली क्रमाने वेळ, वेग आणि कोणता सिग्नल कोणत्या खांबापासून दिसला, ते द्यावे. खांबांवर किलोमीटर आणि क्रमांक रंगवलेले असतात, तेच आकडे वापरावेत. ‘अंदाजे १३० मीटर’ असे लिहू नये. तुमचे गणित जोडायला हरकत नाही, पण मंदनाचा आकडा गृहीत धरला आहे हे स्पष्ट लिहा, कारण वेगनोंदीतून खरा आकडा निघेल आणि तो तुमच्यापेक्षा वेगळा असू शकतो. चौथ्या रात्रपाळीचा उल्लेख करावा, तोही एकाच ओळीत आणि ड्यूटीच्या नोंदीचा हवाला देऊन.

शेवटी स्वतंत्र परिच्छेदात एकच विनंती करावी: सिग्नल साइटिंग कमिटीने (सिग्नल चालकाला नीट दिसतो का, हे पाहणाऱ्या समितीने) त्या होम सिग्नलची पाहणी रात्रीच्या वेळी, चालत्या इंजिनातून, तिन्ही लाइनींचे सिग्नल पेटलेले असताना करावी. दिवसा रुळांवर उभे राहून पाहिले तर तो सिग्नल छान दिसेल आणि तसेच लिहिले जाईल. लॉबीतील आणखी कोणी आपला अनुभव लिहून द्यायला तयार असेल, तर त्याने तो स्वतःच्या सहीने, स्वतःच्या तारखेसह वेगळ्या कागदावर द्यावा. मसुदा तयार झाला की नावे आणि स्थानक वगळून मला व्यक्तिगत संदेशाने पाठवा. मी खांबांचे क्रमांक आणि सिग्नलची परिभाषा तपासून देईन.

धरमपेठची शिक्षिका

काका, तो आज संध्याकाळी लिहायला बसला आहे. लॉबीतील दोघांनी आपापले कागद देण्याचे कबूल केले आहे. तिसऱ्याने विचार करून सांगतो म्हटले. मसुदा गुरुवारपर्यंत पाठवते.